दामूचं जानवं

तू गेलीस त्याच्या नवव्या दिवशी सकाळी तू दहापर्यंत मोजलंस, आक्का.

मी मागच्या पडवीत दाढी करत होतो. "एक... दोन... तीन..." असं तुझ्या सावकाश, समजूत घालणाऱ्या आवाजात सुरू झालं आणि पाचानंतर एकदम सात आला. सहा तू कधी गाळला नसतास. मालगुंडच्या शाळेत पाव शतक तू मुलांना अंक शिकवलेस. दामू मात्र सहा नेहमी गाळतो, आणि त्या चुकीमुळेच मला उमगलं की आवाज पिंजऱ्यातून येतो आहे. तरीही मी वस्तरा धुऊन ठेवला आणि तुझ्या खोलीत डोकावून आलो. खाट रिकामी होती. गादीची वळकटी भिंतीशी होती.

तेराव्याला भटजी माजघरात मंत्र म्हणत असताना मागून तू म्हणालीस, "झालं हां, झालं. शहाणं माझं ते." केळीची पानं पुसत बसलेल्या इंदूमावशीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. भटजी थांबले.

"कोण बोललं?"

"पोपट आहे," मी म्हणालो.

"पोपट असू दे. चादर घाला त्याच्यावर. मी इथं गेलेल्या जिवाला वाटेला लावतोय आणि तो मागून उत्तरं देतोय. हे बरं दिसत नाही."

मी चादर घातली. चादरीखालून तू आणखी एकदा, जरा हळू, म्हणालीस, "झालं हां." मावशी न जेवता परत गेली. एक वेळ कावळा शिवला नाही तरी चालेल, पण हे नको, असं ती दारात चपला घालताना पुटपुटली.

तुझ्याविषयी लोक त्या दिवशी पुष्कळ बोलले. ते सगळं खरं होतं आणि त्यात मला भर घालायची नाही. हे मी लिहितो आहे ते वेगळ्या कारणासाठी. तू असताना एक गोष्ट तुला सांगायची राहिली. ती सांगण्यासाठी मी आठ महिने तुझ्यासमोर रोज रात्री जेवायला बसलो, आणि सांगितली नाही. आता कागदावर सांगणं सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच मला त्याचा भरवसा वाटत नाही. पण दुसरा मार्ग उरलेला नाही.

या घरात आपण दोघंच. तुझा संसार दोन वर्षांत आटोपला, माझा मांडलाच गेला नाही. त्याविषयी आपण कधी बोललो नाही, आणि दामू आल्यावर तर बोलायची गरजच उरली नाही. शेजारच्या कुसुमवहिनींच्या आगरातला वठलेला माड तोडला, तेव्हा त्याच्या ढोलीतून ते पिल्लू खाली आलं. अंगावर पीस नव्हतं. "हा तर आपल्या दामूकाकांसारखा टकला," असं म्हणून तू त्याला ओच्यात घातलंस आणि कापसाच्या वातीने पेज पाजून वाढवलंस. मोकळं सोडलं असतं तर कावळ्यांनी दुपारच्या आत फाडलं असतं, म्हणून पिंजरा आला. पिंजरा तुला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. तू त्याला कधी पिंजरा म्हटलंच नाहीस; 'त्याची खोली' म्हणायचीस.

मग आपला भाचा शरद आखातातून सुटीवर आला. त्याने आणलेल्या एका इंग्रजी मासिकात ते चित्र होतं: एक बाई बागेत बाकावर बसलेली, तिच्या खांद्यावर पोपट, आणि पोपटाच्या अंगावर पट्टा. पट्ट्याची दोरी बाईच्या मनगटाला. तू ते चित्र कापून घेतलंस.

"हा बघ, नाना. उघड्यावर बसलाय. वर काही नाही."

"मनगटाला दोरी आहे."

"ती असू दे. वर काय आहे ते बघ."

माझ्या जुन्या धोतराचे काठ तू उसवलेस. मऊ झालेल्या त्या काठांचे दोन वेढे शिवलेस: एक मानेभोवती, एक पंखांच्या मागून अंगाभोवती. दोन्हींना जोडणारी पट्टी छातीवरून, पाठीवर टिचबटण, आणि तिथून निघणारी दोन वाव, म्हणजे बाराएक फूट लांबीची दोरी. ते सगळं त्याच्या डाव्या खांद्यावरून येई, म्हणून त्याचं नाव जानवं पडलं. कुसुमवहिनी मधल्या दगडी गडग्यावरून डोकावून विचारायच्या, "काय आक्का, बटूची मुंज कधी?"

"बटू राजी झाला की."

"आणि आम्हाला आमंत्रण?"

"तुम्हालाच आधी. भिक्षावळीला मिरच्या घेऊन या."

बटू राजी होण्याची तुझी रीत मी श्रावणापासून पाहत होतो. पहिले आठ दिवस ते जानवं पिंजऱ्याजवळच्या स्टुलावर नुसतं पडून होतं. मग ते तुझ्या खांद्यावर आलं. मग ते हातात धरून तू त्याला दाणे देऊ लागलीस. पुढे वेढ्याच्या पलीकडून मिरची धरायची, आणि तिच्यासाठी त्याने आपण होऊन मान आत घालायची. मान आत गेली की तू "एक" म्हणायचीस आणि वेढा काढून घ्यायचीस. दुसऱ्या दिवशी दोन. त्याने मान मागे घेतली की मोजणं तिथेच थांबायचं; पुढचा आकडा उद्या. "झालं हां, झालं. शहाणं माझं ते." माघ सरताना तू चाळिसावर पोहोचली होतीस. दुसरा वेढाही अंगावर बसत होता, टिचबटणाचा आवाज त्याला खपत होता. उरलं होतं ते फक्त पडवीची पायरी उतरणं.

या सहा महिन्यांत माझा सकाळचा चहा रोज उशिरा झाला. हे कारण किती क्षुद्र आहे ते मला दिसतं, पण ते होतं, म्हणून लिहितो.

"पंख थोडे कातर की," मी एकदा म्हणालो. "दोन मिनिटांचं काम आहे."

"तुझी जीभ थोडी कातरते. तेही दोन मिनिटांचंच."

दुसऱ्या एका दिवशी मी जरा गंभीरपणे बोललो. दोरी बांधून आकाश दाखवण्यापेक्षा पिंजरा प्रामाणिक आहे, असं माझं म्हणणं होतं. तू सुईत दोरा ओवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "दोरी मी बांधत नाहीये, नाना. तो बांधून घेणार आहे. त्यात फरक आहे."

"पाखराला कळतो तो फरक?"

"पाखरालाच कळतो. तुला कळेल की नाही ते सांगता येत नाही."

हा वाद आपण संपवला नाही. मी जन्मभर कचेरीत जमिनीचे नकाशे काढले. रेघ ओढली की हद्द झाली. जमिनीने कधी मान मागे घेतली नाही, आणि ती घेऊ शकते असं माझ्या कधी मनातही आलं नाही.

आता ती गोष्ट.

फाल्गुनातला रविवार होता. तुझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी लग्न होतं म्हणून तू मालगुंडला गेली होतीस आणि संध्याकाळच्या एसटीने परत येणार होतीस. दुपारी मी मागच्या पडवीत आलो. दामू दांडीवर बसून माझ्याकडे पाहत होता. माझ्या मनात असं आलं की तू दारातून आत येशील तेव्हा दामू जानवं घालून अंगणातल्या गडग्यावर बसलेला असेल, आणि तुझा चेहरा मी पाहीन. हे मनात आलं होतं हे अगदी खरं आहे. त्याच्या मागे आणखीही एक गोष्ट होती, तीही तितकीच खरी आहे: तुला सहा महिने लागले ते मी अर्ध्या तासात करून दाखवणार होतो.

मिरचीला त्याने मान पुढे केली नाही. मी वेढा पुढे नेला, तो मागे सरला. तिसऱ्यांदा तो मागे सरला तेव्हा मी आत जाऊन पंचा आणला आणि त्याला पंच्यात धरलं.

तो ओरडला ते मी सहन केलं असतं. पण तो मध्येच गप्प झाला. माझ्या तळहाताखाली त्याची छाती इतकी धडधडत होती की माझा हातच धडधडतो आहे असं वाटलं, आणि तोंडातून आवाज नाही. मी मान वेढ्यातून ओढली, पंख दाबून दुसरा वेढा घातला, टिचबटण लावलं. शेपटीचं लांब हिरवं पीस मुळाशी मोडून माझ्या बोटांत आलं. पिंजऱ्यात ठेवल्यावर तो दांडीवर चढला नाही. तळाच्या पत्र्यावर चोच उघडी ठेवून बसला आणि माझ्याकडे एका डोळ्याने पाहत राहिला. मग मी घाबरलो. जानवं काढण्यासाठी त्याला पुन्हा पंच्यात धरावं लागलं.

पीस मी बंबात टाकलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यासमोर बसून होतो. त्याला शांत करतो आहे असं मला वाटत होतं, पण तोंडातून एकच वाक्य जात होतं. "आक्काला कळता कामा नये. दामू, आक्काला कळता कामा नये." किती वेळा म्हणालो ते आठवत नाही.

तू आलीस. "कसला रे वास?" असं विचारलंस.

"बंबात काहीतरी पडलं असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू जानवं हातात घेऊन पिंजऱ्याशी गेलीस आणि दामूने स्वतःला मागच्या गजांवर फेकलं. तू जानवं ठेवून रिकामा हात पुढे केलास, तेव्हाही तेच झालं. त्या वर्षी तुझे हात कापू लागले होते. तू दोन्ही हात उजेडात धरून पाहिलेस. मी तिथेच, चहाचा कप घेऊन उभा होतो.

चैत्रात तू मला घेऊन गावी गेलीस, देवीला कौल लावायला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. विचारायचं ते असं दोन बाजूंत वाटूनच विचारावं लागतं. कुणाचीतरी दृष्ट लागली असेल, कुसुमवहिनींचं मांजर रात्री येत असेल, असं तुझ्या मनात होतं. मी तुझ्या मागे नारळ घेऊन उभा होतो.

गुरव म्हणाला, "आई, ह्या लेकीचं पाखरू बुजलंय. कुणाचा हात आडवा आलाय? घरचा असंल तर उजवी दे, भायरचा असंल तर डावी दे."

त्याचं बोलणं पुरं झालं आणि उजवी कळी पडली. एरवी घटका-घटका थांबावं लागतं. त्या दिवशी ती जणू त्याचं वाक्य संपण्याचीच वाट पाहत होती.

"घरचाच हात हाय, आक्का. भायरचं काय नाय."

तू आपल्या हाताकडे पाहिलंस. "माझाच," म्हणालीस.

गुरव मूर्तीवरचं पाणी टिपत होता. त्याने मान वळवली नाही. "देवी हात सांगते. कुणाचा ते नाय सांगत. ते तुमी बगायचं."

त्या गाभाऱ्यात देवीच्या चांदीच्या डोळ्यांखेरीज माझ्याकडे कुणीच पाहत नव्हतं. एक पाऊल पुढे यायचं होतं, आक्का. घरात दोनच माणसं, चारच हात. 'घरचा हात' म्हटल्यावर तुझ्या मनात माझ्याविषयी शंकासुद्धा आली नाही. तू मला त्या हिशोबात धरलंच नाहीस, आणि मी नारळ फोडून घेतला, प्रसाद घेतला, तुझ्याबरोबर एसटीत बसलो.

त्यानंतर तू दामूला हात लावला नाहीस. लांब दांड्याच्या चमच्याने दाणे देऊ लागलीस. पिंजऱ्यावरून जाताना हात पदराखाली घेत होतीस, एखाद्याच्या समोरून पायताण लपवून न्यावं तसे. मी हे चैत्रात पाहिलं, वैशाखात पाहिलं, ज्येष्ठात पाहिलं. रोज कचेरीतून येताना ठरवायचो की आज सांगायचं. फाटकाशी आलो की तू विचारायचीस, "आलास?" आणि मी म्हणायचो, "आलो." तेवढ्यात ते सरून जायचं.

आषाढात एकदा पाहिलं तर तो चमचा स्वयंपाकघरात परत गेला होता. तू पिंजऱ्यात हात घालून दामूला भिजवलेली डाळ देत होतीस. तो लांबूनच मान ताणून घेत होता, पण घेत होता. जानवं पुन्हा स्टुलावर येऊन पडलं होतं, पहिल्या दिवसासारखं. मला वाटलं, काळाने केलं. मला इतकं हलकं वाटलं की मी काही विचारलं नाही. त्या दिवशी मी तुझ्यासाठी खाजा आणला होता. तू तो खाल्लास, आणि खाताना माझ्याकडे जरा अधिक वेळ पाहिलंस. तेव्हा मला ते पाहणं फक्त प्रेमाचं वाटलं होतं.

कार्तिकापर्यंत तू पुन्हा दहावर आलीस. हात कापत असतानाही.

कार्तिकातच तुला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे तिसऱ्या दिवशी मी खुर्ची जवळ ओढून म्हणालो, "आक्का, मला एक सांगायचं होतं."

तू डोळे उघडलेस. "सांग," म्हणालीस. इतकं स्वच्छ म्हणालीस.

मी म्हणालो, "दामू नीट खातो आहे."

तू थोडा वेळ पाहत राहिलीस. "बरं," म्हणालीस आणि डोळे मिटलेस. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस, कारण त्यानंतर तू शुद्धीवर आली नाहीस.

पुढचं तुझ्या पश्चात घडलं. तुला ते ठाऊक आहे की नाही, या प्रश्नाचं उत्तर देण्याचं धाडस मला होत नाही.

मार्गशीर्षातली तिन्हीसांज. मी स्वयंपाकघरात दूध तापवत होतो. मागच्या पडवीतून एक पुरुष दबक्या आवाजात बोलला. कुणी आलं असावं म्हणून मी पातेल्यावरची नजर उचलली, आणि मग शब्द ऐकू आले. "आक्काला कळता कामा नये." तो माझा आवाज होता. माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची सवय नसते. शरदच्या टेपवर एकदा ऐकला होता तेव्हाही तो मला परका वाटला होता. हा परका वाटला नाही. यात त्या रविवारची भीती जशीच्या तशी होती.

एक श्वास घ्यावा तेवढं अंतर गेलं. मग तू म्हणालीस, "कळलं रे, नाना."

दूध उतू गेलं. मी पडवीत गेलो. दामू दांडीवर पाय बदलत बसला होता. त्याने मला पाहिलं आणि ते दोन्ही पुन्हा म्हटलं, आधी मी, मग तू, तेवढंच अंतर ठेवून.

पोपट एकदा ऐकलेलं असं जोडून घेत नाही, हे मला तुझ्याकडूनच माहीत झालं. प्रश्नाला उत्तर जोडायला त्याला ते दोन्ही पुष्कळदा, एकापाठोपाठ ऐकावं लागतं. म्हणजे मी कचेरीत असताना, दुपारच्या वेळी, दामू तुला माझ्या आवाजात ते सांगत होता. आणि तू पडवीतल्या बाकावर निवडणं टिपणं करत बसल्या बसल्या त्याला, म्हणजे मला, उत्तर देत होतीस. रोज. आषाढातला तो चमचा मला तेव्हा समजला. आपले हात निर्दोष आहेत हे तुला ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी कुणाचे दोषी आहेत तेही कळलं. आणि त्या संध्याकाळी मी तुला खाजा दिला होता.

त्या तीन शब्दांत राग आहे का, हे मी पुढे कित्येक दिवस ऐकत राहिलो. कधी त्यात हसू ऐकू यायचं, कधी थकवा. ढगाळ दिवशी एक वाटायचं, उन्हाच्या दिवशी दुसरं. पाखराने आवाज हुबेहूब उचलला होता; अर्थ तेवढा माझ्यावर सोडला होता.

पौष लागला आणि एका सकाळी कुसुमवहिनी गडग्याशी आल्या. बराच वेळ पिळे वाळत घालण्याचं निमित्त करत होत्या.

"नाना, रागावणार नसाल तर एक विचारते. पावसाळ्यात तुम्ही दुपारचे जेवायला घरी येत होता का?"

"नाही. माझा डबा असतो."

"तेच म्हटलं मी. पण आवाज यायचा तुमचा. हळू बोलायचात. मी एकदा आक्कांना विचारलंसुद्धा, आज नाना घरी का म्हणून."

"मग?"

"म्हणाल्या, नानाच आहे तो. त्याला काहीतरी सांगायचंय. समोरच्या दारानं यायचा धीर होत नाही म्हणून असा मागच्या दारानं येतो." वहिनींनी हातातला पिळा झटकला. "मी विचारलं, मग तुम्हीच का विचारत नाही त्यांना? तर म्हणाल्या, ते त्याचं त्यानं सांगायचं असतं. मी वाट बघतेय. मला वाटलं, वय झालं आक्कांचं, बोलतात काहीतरी."

मी आत आलो आणि बाकावर, तुझ्या जागी बसलो. आषाढ ते कार्तिक. तू एकदाही मला वेढ्यातून ओढलं नाहीस. दवाखान्यात मी मान पुढे केली, तू "सांग" म्हणालीस, मी मान मागे घेतली, आणि तू तिथेच थांबलीस. पुढचा आकडा उद्यावर ठेवलास. उद्या नव्हता.

याबद्दल तुझे आभार मानावेत की तुझ्यावर रुसावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकदा रागावून विचारलं असतंस, तर मी रडलो असतो आणि सुटलो असतो. पण मग ते तू काढून घेतलेलं झालं असतं, मी दिलेलं नव्हे. हा फरक तू मला माघातच सांगितला होतास. तो मला आता कळतो, आणि कळला हे सांगायला तू नाहीस.

मी ठरवलं की निदान दामूला ते शिकवायचं. "कळलं रे, नाना" या तुझ्या उत्तरानंतर माझं आणखी एक वाक्य जोडायचं, म्हणजे या घरातलं ते संभाषण पुरं होईल. तो माझ्यामागेही जगेल. मी नसताना या पडवीत कुणी आलं तर त्याला माझा गुन्हा माझ्याच तोंडून ऐकू येईल. रोज सकाळी मी पिंजऱ्यापाशी बसून म्हणू लागलो, "आक्का, त्याला मी धरलं होतं." दहा-बारा दिवस म्हटलं. त्याने ते घेतलं नाही. मी ते पुटपुटत होतो. जी भीती त्या रविवारी माझ्या आवाजात होती, तिच्या पासंगालाही हा पश्चात्ताप पुरत नव्हता. पाखराने दोन्ही तोलून पाहिले होते.

म्हणून एके सकाळी मी उभा राहिलो आणि ते मोठ्याने म्हणालो. आयुष्यात मी इतक्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो. "त्याला मी धरलं. पंच्यात धरलं, पीस मोडलं, तुझ्याशी खोटं बोललो. तुझे हात नव्हते, आक्का. माझे होते."

गडग्यापलीकडे बादली आपटल्याचा आवाज आला. कुसुमवहिनी ओल्या हातांनीच आल्या.

"काय झालं, नाना?"

मी त्यांना सगळं सांगितलं. फाल्गुनातल्या रविवारपासून दवाखान्यापर्यंत. शेवटी पदराने हात पुसत म्हणाल्या, "मला वाटलं होतं त्याहून लहान निघालं हो. एवढंसं घेऊन बसलात इतके दिवस? आणि त्यापण बसल्या?" मग जरा वेळाने, "मी चहा टाकते. या तुम्ही तिकडे."

मी गेलो, चहा घेतला. परत आलो तेव्हा पडवीत शांतता होती.

त्या गोष्टीला आज अकरा दिवस झाले. दामूने माझं नवं वाक्य उचललं नाही. जुनंही पुन्हा म्हटलेलं नाही. आणि तुझं काहीच नाही. मोजणं नाही, "झालं हां" नाही, "कळलं" नाही. तो साळुंकीसारखा बोलतो, कुसुमवहिनींच्या कुकरची शिट्टी काढतो, फाटकाची कडी वाजवतो. माणसाचा आवाज म्हणून त्याच्या तोंडून एकही निघत नाही. पहिले चार-पाच दिवस मी त्याला लालूच दाखवली. तुझ्या वेळेला पिंजऱ्याशी जाऊन बसलो, तुझा पदर खांद्यावर टाकून पाहिला, हे लिहिताना मला फार संकोच होतो. शरद सुटीवर आला होता तेव्हा तुझा आवाज टेपवर भरून ठेवायचा राहिला. जगात तो आता त्या एका गळ्यात आहे, किंवा तिथेही नाही.

सहाव्या दिवशी मला उमगलं की मी पुन्हा पंचा हातात घेऊन उभा आहे. या वेळी तुझ्यासाठी. त्या पाखराच्या गळ्यातून तुला ओढून काढायला निघालो आहे. मी पडवीतून निघून आलो.

त्यानंतर मी त्याला काही म्हणायला लावत नाही. पाणी बदलतो, पत्रा धुतो, दाणे ठेवतो आणि कचेरीत जातो. संध्याकाळी घरात शिरताना "आलास?" असं कुणी विचारत नाही. तू गेलीस हे मला कार्तिकात सांगितलं गेलं होतं. ते मी या अकरा दिवसांत ऐकलं.

आज सकाळी मी पिंजऱ्याचं दार उघडून हात आत ठेवला. हातात दाणा नव्हता, मिरची नव्हती, काहीच नव्हतं. बराच वेळ गेला. मग दामू दांडीवरून कडेकडेने सरकत आला, मान वाकडी करून हात पाहिला, आणि त्याने चोच उघडून माझं बोट धरलं. तो चावला नाही. त्याने सोडलंही नाही. मी हात मागे घेतला नाही.